सातवी ‘क’चा पट

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रिटा डिमेलो बाई मनवेलपाड्याच्या एका चाळीत मुलगी मागायला गेल्या.

मागायला हाच शब्द बरोबर होता. सातवीच्या तीन तुकड्या टिकवायच्या तर पटावर आणखी एक मूल हवं होतं, आणि ते तीस तारखेला वर्गात बसलेलं दिसायला हवं होतं. त्या दिवशीचा पट धरून तुकड्या मंजूर व्हायच्या आणि तुकड्या धरून शिक्षक. ‘क’ तुकडी गेली तर शाळेत सर्वांत शेवटी लागलेली शिक्षिका अतिरिक्त ठरणार होती. ती म्हणजे रिटाबाई. अतिरिक्त शिक्षकांना जिल्ह्यात जिथे जागा असेल तिथे पाठवत, आणि त्या वर्षी जागा मोखाड्याला होती. बाई वटारला राहत. घरी वडील, ऑगस्टीन, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. त्यांची कूस बदलायला दुसरं कोणी नव्हतं.

चाळीतली शेवटची खोली पाष्ट्यांची. उन्नती पाष्टे दारातच बसली होती. मांडीवर पितळी कानातल्यांचा पत्रा, हातात चिमटा. इमिटेशन दागिन्यांच्या गाळ्यावरून आणलेलं काम होतं. बारीक खडा उचलायचा, गोंदाच्या ठिपक्यावर ठेवायचा, दाबायचा. त्या काळी सातवीतही नापास करत; मे महिन्यात नापास झाल्यापासून ती शाळेत आली नव्हती. बाईंना बघून ती एकदम उठली आणि खड्यांची वाटी कलंडली.

“गोळा कर आता,” आतून तिची आई म्हणाली, आणि ओले हात पुसत बाहेर आली. “या बाई. चहा टाकते.”

“चहा नको, उन्नतीच्या आई. हिला शाळेत पाठवा एवढं सांगायला आले.”

मनोरमा हसली. “नापास करणाऱ्या तुम्हीच ना? का तुमच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या कोण होत्या?”

“मी गेल्या वर्षी सहावीला होते.”

“मग तुमची बहीण असेल.”

शेजारच्या दारात तांदूळ निवडत बसलेली बाई तोंडावर हात धरून हसली. रिटाबाईही हसल्या. मग त्यांनी तिथेच उंबऱ्याजवळ बसून सगळं नीट सांगितलं. वर्गशिक्षिका यंदा त्या स्वतः आहेत. विज्ञान आणि गणित त्याच शिकवतात. शाळा सुटल्यावर त्या उन्नतीला वेगळं बसवतील. पटाचं तेवढं सांगितलं नाही.

“गाळ्यावरचा शेठ म्हणतो, हिच्यासारखा हात कोणाचा नाही,” मनोरमा म्हणाली. “आज सोडली तर उद्या जागेवर दुसरी बसेल.”

“दहावी झाल्यावर नर्सचा कोर्स करता येतो ना, बाई?” उन्नतीने विचारलं. ती जमिनीवर ओणवी होऊन खडे वेचत होती. मान वर न करता विचारलं.

“बघा. आजीला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हापासून हे डोक्यात बसलंय.” मनोरमाने मुलीकडे बघितलं आणि मग बाईंकडे. “एक वर्ष देते. हिच्या पप्पांना मी समजावते. पण आठवीत गेली पाहिजे. यंदा राहिली तर पुन्हा शाळेचं नाव नाही, कायमची गाळ्यावर. तुम्ही शब्द देताय का?”

“देते,” बाई म्हणाल्या.

तीस तारखेला अधिकारी आले, मुलं मोजली, सही करून गेले. सातवी ‘क’ राहिली. रिटाबाई राहिल्या.

त्यानंतरही बाईंनी उन्नतीला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं, हे खरं आहे. मुलगी त्यांना आवडू लागली होती. लोहचुंबक, काचेचा लोलक, स्पिरिटचा दिवा, काहीही हातात दिलं तरी तिचे हात ते असे धरत की शिकवावं लागत नसे. प्रश्न विचारला तर आधी वस्तूकडे बघायची आणि मग उत्तर द्यायची. हे वर्गात दुसरं कोणी करत नव्हतं.

दिवाळीच्या थोडं आधी बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. उन्नती उष्णतेचा धडा मोठ्याने वाचत होती. पानाच्या शेवटी वाक्य अर्धवट तुटलेलं होतं. तिथे प्रत्येक मूल थांबतं, पान उलटतं आणि पुढे वाचतं. उन्नती थांबली नाही. पान उलटायच्या आधीच तिने वाक्य पूर्ण केलं, आणि मग आठवण झाल्यासारखं पान उलटलं.

वर्ग सुटल्यावर बाईंनी तिच्यासमोर डब्याभोवती गुंडाळलेला वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला. “हे वाच.”

उन्नती बराच वेळ बघत राहिली. तिच्या वरच्या ओठावर घाम आला.

“अक्षरं येतात मला, बाई. सुटी सुटी येतात. जवळ आली की हलतात.”

“मग धडे?”

“ज्ञानदा वाचून दाखवते. मी पाठ करते.”

ज्ञानदा तिची धाकटी बहीण. चौथीत होती.

“घरी माहीत आहे?”

“नाही. सांगू नका बाई. आई म्हणेल, मग कशाला जातेस.”

बाईंनी सांगितलं नाही. दोन आठवडे त्यांनी तिला अक्षरांपासून शिकवून बघितलं. काळ्या कागदाला खाच पाडून एका वेळी एकच शब्द दिसेल असं केलं. त्याने थोडा फरक पडला. पण फार हळू पडला, आणि अभ्यासक्रम पुढे पळत होता, आणि वटारची शेवटून दुसरी एसटी साडेपाचला होती. मग दोघींमध्ये एक सोपी पद्धत पडून गेली. वर्गात वाचायची पाळी आली की बाई पहिली ओळ स्वतः वाचायच्या. त्यावरून उन्नतीला कळायचं की कुठला धडा आणि कुठून. ती पुढचं घडाघडा म्हणायची. लेखी परीक्षेत बाई तिच्या बाकाजवळून जाताना प्रश्न पुटपुटायच्या, आणि ती पाठ केलेलं उत्तर एकेक अक्षर करत लिहून काढायची. वर्गाला हे दिसत होतं. मुलांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. एखाद्याला चष्मा असतो, तसं उन्नतीला पहिली ओळ लागते.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेचे लेखी पेपर झाले. बाईंनी ‘क’ तुकडीचे सगळे गुण एकत्र करून बघितले. उन्नती मराठीत काठावर पास, गणितात काठावर पास, इतर विषयांत बरी. विज्ञानाची तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती. तिथे वीस गुण असत आणि कुणालाही बाराच्या खाली मिळत नसत. उन्नतीला नऊ पुरणार होते.

त्याच दुपारी मुख्याध्यापकांनी वर्गशिक्षकांना ऑफिसात बोलावलं. प्रल्हाद चुरी सर वाईट माणूस म्हणून कोणाला माहीत नव्हते. शिपायाच्या मुलीच्या लग्नात त्यांनी पंगतीत वाढलं होतं. त्यांनी सगळ्यांना कलिंगडाची एकेक फोड दिली आणि मग बोलू लागले.

“सहावीतून यंदा वर येणारी मुलं कमी आहेत. स्टेशनजवळ ती नवीन इंग्रजी शाळा निघाली, तिकडे गळती लागली. जूनमध्ये सातवीचा पट तीन तुकड्यांना पुरत नाही. म्हणून प्रत्येक वर्गातून पाच मुलं ठेवा.”

“ठेवा म्हणजे?” रिटाबाईंनी विचारलं.

“म्हणजे वर पाठवू नका. सातवीत ठेवा.” सरांनी बी थुंकून बशीत टाकली. “डिमेलो बाई, तुम्ही सायन्सवाल्या, तुम्हाला गणित सांगायला नको. वर गेलेलं मूल हायस्कूलच्या पटावर. राहिलेलं मूल आपल्या पटावर.”

“पण पास झालेल्यांना कसं ठेवायचं, सर?”

“खोटे गुण द्यायचे नाहीत. ते मी खपवून घेणार नाही. फक्त कडक तपासा. आपण दर वर्षी किती सैल सोडतो ते तुम्हालाही माहीत आहे. आणि हे बघा, ज्याचा बाप येऊन या टेबलावर हात आपटेल तो नको. समजून घ्या.”

दुसऱ्या एका वर्गशिक्षकांनी हसत विचारलं, “आणि नाही जमलं पाच तर?”

“तर सप्टेंबरात एक जण मोखाड्याला. जागा अजून आहे तिथे.” सर रिटाबाईंकडे बघत नव्हते. बाकी सगळे बघत होते.

‘क’ तुकडीतली चार मुलं सापडायला वेळ लागला नाही. ती डिसेंबरपासून वीटभट्टीवर होती. परीक्षेपुरती येऊन त्यांनी कोरे पेपर दिले होते. पाचव्यासाठी बाईंनी रात्री घरी यादी काढली आणि एकेक नाव खोडत गेल्या. एकाचा बाप रिक्षा युनियनचा. एकीचा मामा केबलवाला, त्याची चुरी सरांशी ऊठबस. एकाला आठवीत घातलं नाही तर तो रस्त्यावर दगड मारील, असा होता. वडील पलंगावरून खाकरले. बाईंनी उठून त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली, आणि परत येऊन बसल्या. जी नावं उरली त्यांत भांडायला येणार नाही असं एकच घर होतं.

शिवाय त्या मुलीला वाचता येत नव्हतं. हे खरं होतं. बाईंनी ते पुन्हा पुन्हा तपासून बघितलं आणि प्रत्येक वेळी ते खरंच निघालं. वाचता न येणारी मुलगी आठवीत जाऊन काय करील? तिथे पहिली ओळ कोण वाचणार?

तोंडी परीक्षेच्या दिवशी मुलं बाकांवर बसून होती आणि एकेकाला टेबलाशी बोलावलं जात होतं. दोन प्रश्न, एक प्रयोग, वही बघायची, झालं. उन्नतीने घरून बुचात सुई खोचून केलेलं होकायंत्र आणलं होतं. वाटीत पाणी घेऊन ते तिने बाईंसमोर ठेवलं. सुई जराशी फिरून थांबली.

“बघा बाई, तुमच्या वटारकडे नाही, वर पालघरकडे तोंड करते.”

वर्गात हसू पिकलं. बाईंनी वाटी बाजूला सरकवली.

“हे राहू दे. वाचून दाखव.” त्यांनी पुस्तक उघडलं आणि चुंबकत्वाच्या धड्यात, पानाच्या मधोमध, बोट ठेवलं. “इथून.”

उन्नतीने पुस्तक हातात घेतलं आणि बाईंकडे बघितलं. ती घाबरलेली नव्हती. तिने ओठ थोडे उघडे ठेवले होते, बाईंचा आवाज आला की त्याला जोडून घ्यायला. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

“वाच.”

मुलगी थांबूनच राहिली.

“बाई, पहिली ओळ सांगा ना तिला,” मागून कोणीतरी म्हणालं.

“परीक्षा आहे. बोलायचं नाही.”

आता उन्नतीने पानाकडे बघितलं. पानावर नालाच्या आकाराच्या चुंबकाचं चित्र होतं. ते तिने ओळखलं, आणि धडा सुरुवातीपासून म्हणायला लागली, स्वच्छ, न अडखळता.

“सुरुवातीपासून नाही. बोट ठेवलंय तिथून.”

“स... स मा... न. ध... ध रू...” ती थांबली. पुन्हा तिथूनच सुरू केलं. “समान... समान...” मुलांमध्ये कोणीतरी खिदळलं, आणि मग जे नेहमी होतं ते झालं. एक हसला की सगळे हसतात, त्यात तिच्या मैत्रिणीही होत्या. उन्नतीने पुस्तक खाली केलं.

“बाई, मी करून दाखवू का? ती एकसारखी टोकं जवळ आणली की ढकलतात ती ना? मी करून दाखवते.”

उत्तर बरोबर होतं. पानावर तेच लिहिलं होतं.

“मी वाचायला सांगितलंय,” बाई म्हणाल्या.

उन्नती पुस्तक धरून उभी राहिली. बाईंनी पुरेसा वेळ दिला. वेळ दिला नाही असं कुणाला म्हणता आलं नसतं. मग त्यांनी गुण लिहिले. वाचन येत नाही, एक शब्द बरोबर त्याचा एक, आणि होकायंत्राचे म्हणून तीन धरले. एकूण चार. पुढच्या मुलाला बोलावलं. उन्नती वाटी उचलून जाताना पाणी सांडू नये म्हणून हळू चालली.

शनिवारी संध्याकाळी बाई चर्चमध्ये पापनिवेदनाच्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे दोन म्हाताऱ्या होत्या. काय सांगायचं ते बाई मनात जुळवत होत्या. खोटं बोलले म्हणावं, तर एकही गुण खोटा नव्हता. कुणाचं काही घेतलं म्हणावं, तर मुलीने न मिळवलेलं तेवढं दिलं नव्हतं. पाळी आली तेव्हा त्यांनी उपवासकाळात दोनदा मांस खाल्ल्याचं सांगितलं आणि बाहेर आल्या.

एक मेला झेंडावंदन झालं. मुलं मैदानात ओळीने मांडी घालून बसली आणि चुरी सरांनी निकाल वाचला. शाळेची रीत अशी की ज्याचं नाव येईल त्याने उठायचं, प्रगतिपुस्तक घ्यायचं आणि आईबापांकडे पळायचं. ज्याचं नाव येत नाही तो बसून राहतो. नापास हा शब्द कोणी उच्चारत नाही.

मनोरमा कुंपणाजवळ उभी होती. ज्ञानदाच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. ‘क’ तुकडीची नावं सुरू झाली. उन्नतीच्या पुढची मुलगी उठली, मागची उठली, बाजूच्या दोघी उठल्या. ओळ विरळ होत गेली तशी उन्नती लांबून स्पष्ट दिसायला लागली. चप्पल काढून बाजूला ठेवलेली, उठायला सोपं जावं म्हणून एक गुडघा आधीच वर घेतलेला. शेवटचं नाव झालं. तिने गुडघा खाली केला.

“राहिलेल्यांनी उठायला हरकत नाही,” चुरी सर माइकवर म्हणाले.

मनोरमा ऑफिसच्या पायऱ्यांवर बाईंसमोर आली. ती ओरडली नाही. बाईंचा अंदाज बरोबर होता.

“तुमच्याच विषयात, बाई?”

“तिला वाचता येत नाही, उन्नतीच्या आई.”

“सप्टेंबरात येत होतं?”

बाईंनी उरलेली प्रगतिपुस्तकं काखेत घेतली.

“तुम्हाला कधी कळलं?”

“दिवाळीच्या आधी.”

“आणि मला आज सांगताय.” मनोरमाने मान हलवली. “गाळ्यावर तिच्या जागेवर दुसरी मुलगी बसली हो. मी शेठच्या तोंडावर सांगून आले होते, माझी पोर आता तुझे खडे लावणार नाही म्हणून.”

ज्ञानदाने बॉक्सचं झाकण उघडलं होतं. मनोरमाने ते लावलं आणि बॉक्स तिच्याकडून काढून घेतला.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मनोरमा मुलीला घेऊन ऑफिसात आली. उन्नतीच्या अंगावर साधा पंजाबी ड्रेस होता. रिटाबाई नवीन हजेरीपट घ्यायला तिथे आल्या होत्या, त्या कपाटाशी थांबल्या.

“दाखला पाहिजे, सर,” मनोरमा म्हणाली. “वालीवला एका गाळ्यात घेतायत हिला. चौदा पूर्ण झाल्याचा कागद मागतात.”

“अरे अरे, शाळा सोडवता?” चुरी सरांनी चष्मा काढला. “मुलीचं वर्ष वाया जाईल.”

“दोन गेलीत.”

“तरीही दाखला आत्ता नाही देता येत. सप्टेंबरपर्यंत पटावरचं एकही नाव कमी करायचं नाही असं आमचं ठरलंय. तीस तारखेला मोजणी झाली की दुसऱ्या दिवशी या, मी स्वतः सही करतो. पण तोवर मुलगी रोज वर्गात दिसली पाहिजे हं. गैरहजर राहिली तर मग मलाही काही करता येणार नाही.”

“तोवर ती जागा राहील का, सर?”

“ते मी कसं सांगू, ताई? तो तुमचा आणि गाळेवाल्याचा प्रश्न.”

मनोरमा कपाटाकडे वळली. “बाई, तुम्ही तरी सांगा.”

“नियम आहे,” रिटाबाई म्हणाल्या.

तो नियम नव्हता. दाखला मागितला की द्यावा लागतो, हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं.

उन्नतीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. “मला मोजून झालं की सोडणार ना, सर?”

चुरी सर मनापासून हसले. “बघा! कोण म्हणतं ही ढ आहे? बरोबर समजलं तिला. जा बाळ, जा वर्गात. युनिफॉर्म उद्या घातलास तरी चालेल.”

मनोरमा एकटीच गेटकडे गेली. रिटाबाईंनी हजेरीपट घेतला. उन्नती त्यांच्या मागून व्हरांड्यातून चालत आली.

सातवी ‘क’मध्ये सहावीतून आलेली मुलं होती. लहान दिसत होती. उन्नती दारात आली तशी सगळी खडखड उठून उभी राहिली आणि म्हणाली, “नमस्ते बाई.” मग तिच्या मागे खऱ्या बाई दिसल्या. पुढच्या रांगा हसून लोळल्या.

“बसा,” रिटाबाई म्हणाल्या. “हिला जागा द्या.”

मागच्या बाकावरच्या दोन मुली सरकल्या. त्यातल्या एकीने आपलं दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि बाकावर हाताने थोपटलं.

“ताई, इथे बस.”

उन्नती बसली. तिचे गुडघे बाकाखाली मावत नव्हते, ते तिने तिरके केले. रिटाबाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.